सहाव्या थांब्यावरची लॉटी

सतरा वर्षं मी एका खुनी माणसाची गोष्ट सांगून पगार घेतला. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" की आमचे हे घाईघाईने "टुरिझममध्ये आहे ती" म्हणायचे आणि विषय बटाटेवड्यांकडे वळवायचे. ईस्ट लंडनच्या गल्ल्यांतून पंचवीस माणसांना हिंडवत, कुठे कुणाचा गळा चिरला ते बायको हसतमुखाने सांगते, हे प्रसादाच्या रांगेत उभं राहून सांगणं त्यांना जड जायचं.

मी मूळची डोंबिवलीची. लग्न होऊन लंडनच्या पूर्वेला इल्फर्डला आले आणि एका बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे इथल्या एका तऱ्हेच्या बँकेच्या, काउंटरवर वीस वर्षं बसले. ती शाखा बंद झाली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. लायब्ररीच्या फळ्यावर जाहिरात दिसली: 'वॉकिंग टूरसाठी गाइड हवेत. मोठा आवाज, चांगले बूट.' दोन्ही माझ्याकडे होते.

कंपनीचा मालक ट्रेव्हर, पूर्वी नाटकात काम केलेला माणूस. इंटरव्ह्यूला त्याने मला फुटपाथवर उभं केलं आणि म्हणाला, "नीला, मला कुठलीही एक गोष्ट सांग. पण उलटं चालत." मी उलटी चालत त्याला आमच्या काउंटरवरच्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. ते पासबुकात गुंडाळून आपली कवळी विसरून गेले होते आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला ते काय म्हणतायत तेच कळेना. ट्रेव्हर हसता हसता पोस्टाच्या पेटीला टेकला. सोमवारपासून मी कामावर रुजू झाले.

हे काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. गाइडने नेहमी ऊन स्वतःच्या डोळ्यांवर घ्यायचं, पाहुण्यांच्या नाही. लॉरी आली की वाक्य अर्ध्यात थांबवायचं आणि ती गेल्यावर तिथूनच उचलायचं, जणू लॉरीला आपणच बोलावलं होतं. घोळक्यात सर्वांत हळू चालणारा कोण ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखायचं आणि त्याच्याच चालीने चालायचं. रस्ता ओलांडला की डोकी मोजायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, जिथे आता काहीच उरलेलं नाही तिथे उभं राहून माणसांना काहीतरी दाखवायचं.

माझी फेरी दुपारी दोनची. घरी सहापर्यंत पोचायचं म्हणून मीच ती मागून घेतली होती. अंधारात घाबरवणं सोपं असतं. भर दुपारी, समोरच्या बाकावर कुणी ट्यूना सँडविच खात असताना माणसाच्या अंगावर काटा आणायचा, यात कसब आहे. ते मला साधलं होतं, हे सांगायला आता संकोच वाटत नाही.

फेरीत नऊ थांबे. सहावा एका बहुमजली कारपार्कच्या मागच्या भिंतीपाशी. तिथे सांगायची ती अमेरिकन डॉक्टरची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकागोत एक देखणा, गोडबोल्या डॉक्टर होता. त्याने एक भलीमोठी इमारत बांधली. त्या शहरात तेव्हा मोठी जत्रा भरली होती, जगभरातून माणसं आली होती. दंतकथा सांगते की त्या इमारतीत शंभर खोल्या होत्या, चोरदरवाजे होते, कुठेच न पोचणारे जिने होते. खोल्यांत गॅस सोडायच्या नळ्या होत्या, आवाज बाहेर न जाणारी तिजोरीची खोली होती आणि प्रेतं खाली सोडायचा बोगदा होता. उतरायला आलेल्या मुली परत दिसत नसत. शेवटी तो पकडला गेला आणि फासावर गेला. मग कुणीतरी म्हणालं की लंडनमध्ये बायका मारून कधीच न सापडलेला, ज्याच्या नावावर आमची फेरी चालायची, तो खुनीही हाच. ट्रेव्हरने त्याला आमच्या फेरीत घेतलं ते यासाठी. आमचे निम्मे पाहुणे अमेरिकन असत. आपल्या गावचा माणूस इथेही भेटला की ते खूश होत.

मी ती गोष्ट रंगवून सांगायची. पहिली काही वर्षं मला तिच्यात काहीच खटकलं नाही. मग एक दिवस यॉर्कशरचा केन आला. निवृत्त प्लंबर, बायकोने ओढून आणलेला. सहाव्या थांब्यावर माझं सांगून झाल्यावर त्याने हात वर केला.

"एक विचारू का, लव्ह?" तिकडचे लोक कुणालाही लव्ह म्हणतात. "गॅसचा मीटर कुठे होता?"

"कसला मीटर?"

"त्या काळात सगळं घर गॅसच्या दिव्यांवर चालायचं. एका खोलीत माणूस मरेल एवढा गॅस सोडला तर बाकी घरातले दिवे मंद होणार. भाडेकरू तक्रार करायला वर येणार. शिवाय वास." त्याने भिंतीकडे बघून मान हलवली. "मी चाळीस वर्षं नळ्या टाकल्यात. एका माणसाने गुपचूप शंभर खोल्यांत नळ्या टाकल्या आणि एकही गळली नाही? मी असतो तर त्याला कामावर ठेवला असता."

सगळा घोळका हसला. मीही हसले, पण त्या शनिवारी लायब्ररीत जाऊन बसले. तीन-चार शनिवार गेले. जे हाती आलं ते असं: डॉक्टर खरा होता, त्याने खून केले तेही खरं. बायका मारल्या, लहान मुलं मारली. पण तो महाल बहुतेक वर्तमानपत्रांनी बांधला होता. प्रत्यक्षात ती साधी तीन मजली इमारत होती. खाली दुकानं, वर भाडेकरू, आणि वरच्या मजल्यावरचं हॉटेल धड सुरूच झालं नव्हतं. तो मुळात ठग होता. लोकांच्या आयुष्याचे विमे उतरवून ते लाटणं हा त्याचा धंदा. फाशीआधी त्याने पेपरला एक लांबलचक कबुलीजबाब विकला, त्यात अशाही काही माणसांचे खून कबूल केले होते जी त्या दिवशी जिवंत होती. तो लंडनला कधीतरी आला होता याचा तर काहीच पुरावा नव्हता.

मी ट्रेव्हरकडे गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"नीला, खाली औषधांचं दुकान आणि वर भाडेकरू, असल्या घरात माझी मावशी राहते. त्यासाठी कोण तिकीट काढेल?"

"मग मी काय सांगू?"

"तेच सांग. फक्त मागे 'असं म्हणतात' लाव."

मी लावलं. 'असं म्हणतात' हे दोन शब्द फार सोयीचे. त्यांच्या आड उभं राहिलं की आपण खोटं बोललो असं होत नाही आणि खरंही बोलावं लागत नाही. असं मी आणखी बरीच वर्षं केलं. याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

डोरोथी आल्या तो मार्चमधला दिवस होता. ऊन होतं आणि वारा बोचरा. पिवळा रेनकोट, हातात काठी, पंचाहत्तरीच्या आसपासच्या एकट्या अमेरिकन बाई. घोळक्यात सर्वांत हळू चालणाऱ्या त्याच, म्हणून मी त्यांच्या जोडीने चालत होते. त्यांनी माझ्या बुटांचं कौतुक केलं, इल्फर्ड किती लांब आहे विचारलं. सहाव्या थांब्यावर त्या अगदी पुढे येऊन उभ्या राहिल्या.

मी नेहमीसारखी सुरुवात केली. महाल, जिने, नळ्या. आणि शेवटी माझा हुकमी एक्का, टाइपिस्ट लॉटी. वीस वर्षांची भोळी खेडवळ मुलगी. डॉक्टरच्या निळ्या डोळ्यांना भुललेली, त्याच्यासाठी घरदार सोडलेली. एके दिवशी त्याने तिला तिजोरीच्या खोलीतून एक कागद आणायला सांगितलं आणि मागून दार लावून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला नंतर नखांचे ओरखडे सापडले, असं म्हणतात. इथे मी मनात चार आकडे मोजून थांबत असे. त्या चार आकड्यांत कुणीही खोकत नसे.

डोरोथींनी काठी वर केली.

"तिची नखं अगदी आखूड असायची," त्या म्हणाल्या. "टाइप करणाऱ्या मुली नखं वाढवत नाहीत. मला ॲपल पाय करायला तिने शिकवलं, तेव्हाही आखूडच होती."

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं ही बाई आमचीच, खेळातली.

"ती माझ्या आजीची थोरली बहीण," डोरोथी घोळक्याकडे वळून म्हणाल्या. "मी बावीस वर्षांची असताना गेली. झोपेत. नव्वदी ओलांडली होती तिने."

उरलेले तीन थांबे मी कसे पार पाडले मला आठवत नाही. फेरी संपल्यावर मी डोरोथींना कोपऱ्यावरच्या कॅफेत चला म्हटलं. बसल्या बसल्या मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर केला.

"आधी चहा येऊ दे."

चहा आला. मग त्यांनी सांगितलं.

लॉटी खरंच त्या डॉक्टरकडे टाइपिस्ट होती. पाच महिने. तो तिच्याशी गोड बोलायचा, सगळ्यांशीच बोलायचा. एक दिवस त्याने तिच्यापुढे एक कागद ठेवला आणि खाली सही कर म्हणाला. तो तिच्याच आयुष्याचा विमा होता. ती मेली तर पैसे डॉक्टरला.

"आणि गंमत म्हणजे," डोरोथी म्हणाल्या, "तो कागद तिनेच सकाळी टाइप केला होता. त्याला वाटायचं मुली टाइप करतात म्हणजे नुसती बोटं हलवतात. त्या वाचतातही, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही."

लॉटी म्हणाली, वडिलांना विचारून सांगते. जेवणाच्या सुट्टीत तिने खुंटीवरची हॅट घेतली, स्टेशन गाठलं आणि गाडीत बसली. पुन्हा त्या इमारतीत पाऊल टाकलं नाही.

"त्या ऑफिसात आणखी एक मुलगी होती," डोरोथींचा आवाज खाली आला. "लॉटीने तिला जिन्यात गाठून सांगितलं, तूही चल. ती म्हणाली, सोमवारी बघू. ती नंतर कुणाला दिसली नाही. लॉटीआजी हे वर्षातून एखाद्या वेळीच बोलायची."

मी किटलीतला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

डॉक्टर पकडला गेल्यावर त्याच्या बळींची यादी छापून आली, तीत लॉटीचं नाव होतं. ती तेव्हा आईवडिलांबरोबर नाश्ता करत होती. वडील हसत सुटले, आई रडायला लागली. लॉटीने पेपरला पत्र लिहिलं की मी जिवंत आहे, कृपया दुरुस्ती करावी. "मेल्याची बातमी पहिल्या पानावर आली होती," डोरोथी म्हणाल्या. "जिवंत असल्याची अकराव्या. कोंबड्यांच्या औषधाच्या जाहिरातीखाली." त्यांनी मला फोनवर त्या कात्रणाचा फोटो दाखवला. खरोखरच वर कोंबडी होती.

"मेली म्हणून लिहिलेलं तिला चालायचं. त्यावर ती विनोद करायची. पण त्याच्यावर भाळली होती, त्याच्यासाठी घर सोडलं, हे जे लिहीत ना, ते तिला लागायचं. तिचं ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं. मुलाच्या आईने सांगितलं, असल्या पुरुषाकडे राहिलेली मुलगी आम्हाला नको." त्यांनी कप खाली ठेवला. "मी हे खूप ठिकाणी ऐकलंय, वाचलंय. पण तुम्ही सांगता फार छान. म्हणून आज जास्त लागलं."

इतक्या वर्षांत मला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद होती, आणि ती ऐकून मान वर करवत नव्हती.

घरी आल्यावर जेवताना मी सगळं सांगितलं. आमची रुचा त्या दिवशी घरी होती. इथेच जन्मलेली, हॉस्पिटलात रेडिओग्राफर, मराठी तिच्या पद्धतीचं.

"आई, पण तुला माहीत होता ना, की ते स्टोरी खोटा आहे?"

"मी 'असं म्हणतात' असं म्हणते."

"हो, बट कोण म्हणतात? तूच म्हणते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही बोला की काहीतरी."

"मी काय बोलणार?" हे वरणाचं भांडं पुढे सरकवत म्हणाले. "ती बरोबर बोलतेय. व्याकरण सोडून."

दुसऱ्या दिवशी मी ट्रेव्हरला सांगितलं, सहाव्या थांब्यावर मी यापुढे लॉटीची खरी गोष्ट सांगणार. त्याने कपाळाला हात लावला. "खुनांच्या फेरीत जिवंत राहिलेली बाई? लोक पैसे परत मागतील."

"मग मला ही फेरी नको."

मी असं बोलेन हे मलाही माहीत नव्हतं. घराचं कर्ज फिटायचं होतं आणि साठीला आलेल्या बाईला नवीन नोकरी कोण देतं. ट्रेव्हरने टेबलावरचं वेळापत्रक ओढून घेतलं.

"शुक्रवारी मी मागे उभा राहीन," तो म्हणाला. "एक जरी माणूस जांभई देताना दिसला, तर ही फेरी दुसऱ्याला."

शुक्रवारी केंटहून लॉन बोलिंग क्लबच्या सोळा बायका आल्या होत्या आणि इतर सात-आठ जण. रिमझिम चालू होती. ट्रेव्हर टोपी डोळ्यांवर ओढून सगळ्यांच्या मागे. पाचव्या थांब्यापर्यंत ठीक गेलं. सहाव्याला मी कारपार्कच्या भिंतीला पाठ टेकवली.

मी आधी महाल बांधला, जसा नेहमी बांधायचे. मग म्हटलं, "हे सगळं पेपरवाल्यांनी रचलेलं आहे," आणि तो पाडला. मग मी त्यांना एक ऑफिस दाखवलं. एक टेबल, एक टाइपरायटर, विशीतली मुलगी, आणि तिच्यापुढे कागद सरकवणारा एक सुंदर हात. कागदात काय लिहिलंय ते सांगितलं. तो सकाळी तिनेच टाइप केला होता, हेही सांगितलं.

"तुम्ही सही केली असती का?" मी विचारलं.

पुढच्या रांगेतल्या एक आजी लगेच म्हणाल्या, "मी माझ्या नवऱ्याने दिलेल्या कागदावरही वाचल्याशिवाय सही करत नाही. पन्नास वर्षं झाली." त्यांच्या मैत्रिणी खो खो हसल्या. मी लॉटीला हॅट दिली आणि जिन्याने खाली उतरवलं. जिन्यात दुसरी मुलगी भेटली. "सोमवारी बघू," ती म्हणाली.

मी चार आकडे थांबले. छत्र्यांवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

मग नाश्त्याचं टेबल, यादी, पत्र, अकरावं पान, कोंबडी. डोरोथींकडून ऐकलेलं उरलेलंही सांगितलं: लॉटीने पुढे हॅटचं दुकान काढलं, पस्तिसाव्या वर्षी गावातल्या पोस्टमास्तरशी लग्न केलं आणि नव्वदी पार केली. बोलिंग क्लबने टाळ्या वाजवल्या. गल्लीत, भर पावसात, छत्र्या काखेत धरून.

फेरी संपल्यावर ट्रेव्हर माझ्याकडे आला. चष्मा पुसत होता.

"त्या दुसऱ्या मुलीचं नाव काय होतं?"

"कुणालाच माहीत नाही. डोरोथींनाही नाही."

"मग तिच्यासाठी जास्त थांब," तो म्हणाला. "चार आकडे कमी पडतात. सहा मोज."

त्याने एवढंच म्हटलं आणि बसस्टॉपकडे निघून गेला. मी तिथेच उभी राहिले. खूप हलकं वाटत होतं, इतकं की स्टेशनवरून घरी बसने न जाता चालत गेले आणि वाटेत जिलेबी घेतली.

त्यानंतर लंडनच्या खुनांशी डॉक्टरचा जोडलेला धागाही मी तोडून टाकला. फाशी चुकवून तो पळाला अशीही एक वदंता होती. पुढे तिकडे त्याची कबर उघडून बघितली, तर तोच निघाला. डोरोथींनी मला लगेच ईमेल केली: 'आत आहे. तपासलं. आता तुम्ही निवांत झोपा.' आमची मैत्री अशी वाढत गेली. दर दिवाळीला त्या मला कार्ड पाठवतात, तेही ऑक्टोबरच्या एक तारखेला, चुकू नये म्हणून.

पूर्वी सहाव्या थांब्यावर पाहुणे विचारायचे, त्याने एकूण किती मारले? नंतर विचारू लागले, दुकानाचं नाव काय होतं? हॅट कसल्या विकायची? मला उत्तरं येत नसत, मग मी डोरोथींना विचारून ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. शेवटच्या फेरीला ट्रेव्हर, हे आणि रुचा तिघंही आले होते. ह्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी फेरी पाहिली आणि दुसऱ्या थांब्यापासून शेजारच्या अनोळखी माणसाला "माझी बायको" असं सांगत होते. सहाव्या थांब्यावर माझी गोष्ट संपली तशी रुचाने आपला फोन उंच धरला. पडद्यावर डोरोथी. ऐंशी ओलांडलेल्या, ड्रेसिंग गाऊनमध्ये, त्यांच्या स्वयंपाकघरात सकाळचे आठ वाजत होते. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

घोळक्याला कळायला जरा वेळ लागला. मग सगळे पुढे सरकले.

"लॉटी कशी होती?" एका मुलीने विचारलं.

"पत्त्यांत लबाडी करायची," डोरोथी म्हणाल्या. "आम्हा नातवंडांशीसुद्धा. पकडलं की म्हणायची, मी म्हातारी आहे, मला दिसत नाही."

लोक हसले. मागून एका गृहस्थाने मोठ्याने विचारलं, "आणि त्या डॉक्टरबद्दल ती काय सांगायची?"

डोरोथींनी कॉफीचा घोट घेतला. नीट आठवून त्या म्हणाल्या, "त्याचं स्पेलिंग वाईट होतं. त्याची सगळी पत्रं तिलाच सुधारून टाइप करावी लागायची."

"आणखी काही?"

"नाही," डोरोथी म्हणाल्या. "एवढंच."

सगळ्यांचं हसून होईपर्यंत मी थांबले. डोळे पुसले, फोनमधल्या डोरोथींसकट सगळ्यांना बरोबर घेतलं आणि सातव्या थांब्याकडे निघाले.